माळावरच्या ऐंशी खुंट्या

ज्या शिक्षणाला फी नाही, उलट शिकणाऱ्यालाच दर महिन्याला पैसे मिळतात, अशा शिक्षणाबद्दल मुलीने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला, "मग त्यांना काय मिळतं?"

ती जेवत होती. घास तसाच हातात ठेवून म्हणाली, "त्यांना संशोधन मिळतं, बाबा."

"ते विकतात?"

"नाही."

"मग?"

बायको भाकरी टाकत होती. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "अहो, तिला जेवू द्या. तुमची तपासणी जेवणानंतर ठेवा."

तपासणी हा माझ्या घरी थट्टेचा शब्द आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं तयार सुट्या भागांची मापं तपासतो. भाग बनवणारा म्हणतो बरोबर आहे, विकणारा म्हणतो बरोबर आहे, आणि मी तो हातात घेऊन पुन्हा मोजतो. मला पगार विश्वास न ठेवण्याचा मिळतो. घरी आल्यावर ही सवय चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

त्यात आमच्या खात्यातल्या एकाचा अनुभव ताजा होता. त्याच्या मुलाला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं होतं. पत्र रंगीत होतं, खाली दोन सह्या होत्या. अनामत भरल्यावर कळलं की विद्यापीठ फक्त वेबसाइटवर होतं. तेव्हापासून कुणाच्याही मुलाला 'निवड झाली' असं पत्र आलं की आमच्या कँटीनमध्ये आधी अभिनंदन होत नाही, पत्ता विचारतात.

मुलीला आलेला ईमेल बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचा होता. नुकतंच तिचं नाशिकमध्येच पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालं होतं. पीएचडीसाठी तिने पाच ठिकाणी अर्ज केले होते. चार ठिकाणांहून काही आलं नाही, पाचव्याने मुलाखतीला बोलावलं. ईमेल मी तिच्याकडून छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन वाचला. त्यात लिहिलं होतं की, गवताळ माळावरचं तुमचं एम.एस्सी.चं काम आम्हाला पुढे नेण्यासारखं वाटतं; मात्र एका वर्षाच्या मोजणीवरून फार काही म्हणता येत नाही. त्याच जागांची यंदाची मोजणी करून ती ऑक्टोबरातल्या मुलाखतीला घेऊन या.

या शेवटच्या वाक्याखाली मी रेघ मारली. फसवणारा माणूस पैसे मागतो, सही मागतो, आधारकार्ड मागतो. पुन्हा मोजून आणा, असं सांगणारा ठग मला माहीत नव्हता. तरीही ईमेलमधला फोन नंबर मी वापरला नाही. संस्थेच्या पानावरून वेगळा नंबर काढला आणि त्यावर फोन केला. एका बाईंनी उचलला. मुलाखतीला किती जणांना बोलावलंय, असं मी विचारलं.

"दॅट वी कान्ट टेल, सर," त्या म्हणाल्या.

सांगता येत नाही, म्हणजे एक तर नियमाने चालतात किंवा काहीतरी लपवतात. दोन्ही शक्यता मी वहीत लिहून ठेवल्या.

मग तिथून पीएचडी करून बाहेर पडलेल्यांची नावं मी काढली आणि एकेकाचं पुढे काय झालं याचा शोध घेतला. काही परदेशात होते. काही कॉलेजात शिकवत होते. काहींचं नावच पुढे कुठे सापडेना. आणि दोघांनी चक्क शेती सुरू केली होती.

बायको म्हणाली, "शेतीच करायची तर त्याला बेंगळुरू कशाला? माझा भाऊ सिन्नरात करतोच की, आणि बारावीत नापास होऊन."

एका सुट्टीच्या दिवशी मी मुलीच्या मार्गदर्शक मॅडमना भेटायला कॉलेजात गेलो. त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या गवतांचे गठ्ठे होते. मी वही उघडली तशा त्या हसल्या.

"कुणाची चौकशी करायला आलात? मुलीची, माझी की संस्थेची?"

"तिघांची," मी म्हणालो. "पण सुरुवात संस्थेपासून."

त्यांनी सगळं सांगितलं. पाच-सहा वर्षं लागतात. मधेच सोडणारे असतात. सगळं मार्गदर्शक कसा मिळतो त्यावर आहे.

"आणि नंतर नोकरी?"

"खात्री नाही."

मी वर पाहिलं. मुलीच्या शिक्षणाच्या अठरा-एकोणीस वर्षांत, बालवाडीच्या प्रवेशापासून ते क्लासवाल्यांपर्यंत, खात्री नाही असं म्हणणारी ही पहिली व्यक्ती. मला ते बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

"तिच्या बाकी कागदपत्रांत काही दम नाही असं नाही," मॅडम म्हणाल्या, "पण तिला बोलावलंय ते त्या चाळीस चौकटींसाठी. दुसऱ्या वर्षाची मोजणी झाली तर तिच्या हातात काहीतरी असेल. नाही झाली तर ती इतर शंभरांसारखी एक."

या चौकटींबद्दल सांगायला हवं. सिन्नरच्या पलीकडे एका गावाचं गायरान आहे, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीचा चराईचा माळ. गावाने ठराव करून त्यातला निम्मा भाग चार महिने चराईला बंद ठेवलेला असतो, निम्मा उघडा. बंद भागात कोणतं गवत वाढतं आणि उघड्या भागात कोणतं, हे मुलीला पाहायचं होतं. त्यासाठी तिने दोन्हीकडे वीस-वीस जागा चिठ्ठ्या टाकून निवडल्या होत्या. प्रत्येक जागी एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी पाइपची चौकट ठेवायची आणि आत किती जातींचं गवत आहे, किती आहे, ते मोजायचं. पुढच्या वर्षी चौकट नेमकी त्याच जागी बसली पाहिजे. म्हणून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत सळईचे वीतभर तुकडे ठोकलेले. चाळीस चौकटी, ऐंशी खुंट्या.

पहिल्या वर्षी तिच्याबरोबर वर्गातली मैत्रीण होती. तिला पुण्यात नोकरी लागली. एकटीने माळावर जाणं मला पसंत नव्हतं, म्हणून जुलैत खुंट्या जागेवर आहेत का हे पाहायला मी तिला मोटारसायकलवरून घेऊन गेलो. सकाळी सात वाजता सुरुवात केली. सळया गंजून मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या, वर कोवळं गवत आलेलं. फोनवर जागा दाखवणारी खूण पाच-पाच मीटरने इकडेतिकडे सरकायची. दोघंही रांगत, हाताने चाचपत होतो. दुपारी दोनपर्यंत त्र्याहत्तर सापडल्या. उरलेल्या सातांना आणखी एक शनिवार गेला.

"पुढच्या महिन्यात गवत कमरेला येईल," मी म्हणालो. "तेव्हा काय करणार?"

"शोधू," ती म्हणाली.

शोधू हे मला उत्तर वाटलं नाही. आमच्या कामात ज्या वस्तूवर खूण नाही ती वस्तू हरवलेलीच धरतात. त्यानंतरच्या शनिवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती आणि मुलगी मॅडमकडे गेली होती. पावसाने उघडीप दिलेली. मी लाल ऑइल पेंट, पांढरा पेंट, दोन ब्रश आणि आमच्या शोधाचा नकाशा घेऊन एकटाच माळावर गेलो. प्रत्येक खुंटी घासून साफ केली. खाली लाल, वर पांढरा पट्टा. दुपारनंतर, पांढरा रंग वाळल्यावर, त्यावर बारीक ब्रशने काळा आकडा. एक अ, एक ब, दोन अ, दोन ब, असं चाळीसपर्यंत. संध्याकाळी उभं राहून पाहिलं तेव्हा माळावर दूरवर लाल ठिपके सरळ दिसत होते. मला समाधान वाटलं, हे मी कबूल करतो.

घरी आल्यावर बायकोने पँटकडे बघितलं. "आज कुठल्या ट्रकला रंग दिलात?"

मुलीला फोटो दाखवले. ती खूश झाली. नंतर फोटो मोठा करून म्हणाली, "एवढा लाल?"

"दिसायला नको?"

"हो, ते आहे," ती म्हणाली.

सप्टेंबरच्या शेवटी गवताला तुरे आले. तुरे आल्याशिवाय गवताची जात खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून मोजणी तेव्हाच करायची होती. मुलाखतीला बारा दिवस होते. आम्ही भल्या सकाळी माळावर पोचलो. पहिल्या चौकटीजवळ गेलो. खुंटी नव्हती. दुसऱ्या जागी नव्हती. दहा जागा पाहिल्या, एकीतही नव्हती. वीस पाहिल्यावर ती बंद भागाभोवती खणलेल्या चराजवळ बसली. ऐंशीतली एकही खुंटी माळावर नव्हती.

मी अजून गवतात पाय मारत फिरत होतो. तिने हाक मारली.

"बाबा. एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"रंग मुद्दाम दिलात का?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग तिने तो उलगडून सांगितला, अगदी शांतपणे, पाढे म्हणावेत तसा. "तुम्हाला मी जायला नकोय. ईमेल आल्यापासून तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट शोधताय. त्या बाईंना फोन केलात, मॅडमना भेटलात, जुन्या मुलांची यादी केलीत. मग मी नसताना इथे आलात आणि सगळ्या जगाला दिसतील अशा खुंट्या करून ठेवल्या. एक वर्ष कुणी हात लावला नव्हता त्यांना."

"अगं, तुला सापडाव्यात म्हणून..."

"मला सापडल्याच होत्या."

मी उत्तर तपासून पाहत होतो. तिला जाऊ द्यायला माझं मन तयार नव्हतं, हे खरं. ती एकुलती एक, हे खरं. पण ब्रश हातात असताना माझ्या मनात तिचं वाईट होतं का? मी तो शनिवार पहिल्यापासून आठवून पाहिला. मला तसं काही सापडलं नाही. पण स्वतःच्या कामाची अंतिम तपासणी स्वतः करायची नसते, हा आमच्याकडे पहिला नियम आहे.

तेवढ्यात चरापलीकडच्या लिंबाखालून एक माणूस उठून आला. माझ्याच वयाचा असेल. डोक्यावर टोपी, गळ्यात मोबाइल, मागे पंधरा-वीस शेळ्या. तो आम्हाला बराच वेळ बघत असणार.

"खुंट्या हुडकताय का, साहेब?"

"हो. तुम्ही पाहिल्यात?"

"पाहिल्यात म्हंजे? मीच उपटल्यात. पोतं भरून पंचायतीत ठेवल्यात." त्याने आम्हा दोघांना नीट पाहून घेतलं. "चला. तुमचीच वाट बघत होतो."

ग्रामपंचायतीच्या खोलीत खरंच पोतं होतं. तो माणूस पंचायतीचा सदस्य निघाला. खुंट्या दिसल्या त्या दिवशीच त्याने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं: मोजणी चालू झाली. बातमी पसरायला वेळ लागला नाही. या गावाच्या जमिनी आधी एकदा रस्त्याला गेल्या होत्या. त्या वेळीही आधी माणसं आली नव्हती, खुंट्या आल्या होत्या. लाल-पांढऱ्या, वर आकडा घातलेल्या.

हे ऐकताना मला मुलीकडे बघवेना.

पाच-सात माणसं जमली, सरपंच ताई आल्या. मुलीने सगळं समजावून सांगितलं. चौकट दाखवली, मागच्या वर्षीची वही दाखवली.

"गवत मोजाय बेंगळुरूला जायचं?" एक जण म्हणाला.

"मोजायचं इथं. शिकायला जायचं तिकडं," दुसऱ्याने त्याला समजावलं.

"गवताचं बकरीला इचारा. ती फुकटात सांगंल."

"मोजणीवाले पांढऱ्या गाडीत येत्यात. हे फटफटीवर आलेत."

"आता सरकारला बी डिझेल परवडत नसंल."

सगळे हसले, आम्ही सोडून. शेळीवाला हसला नाही. तो म्हणाला, "ताई, मागच्या वर्षी तुम्ही आला होता ते मी पाहिलं होतं. कुणाला इचारलं होतं का तुम्ही?"

मुलीने बॅगेतून कॉलेजचं पत्र काढलं. 'संबंधितांस' असं त्यावर लिहिलेलं. त्याने ते वाचलं आणि परत दिलं. "संबंधित आम्ही. आम्हाला तर आज दावताय."

तिने पत्राची घडी घालून ते बॅगेत ठेवलं.

मी सवयीने पोतं ओतून खुंट्या मोजल्या. अठ्ठ्याहत्तर भरल्या. "दोन कमी आहेत," मी म्हणालो.

"घ्या! उलट आमच्यावरच चोरीचा आळ," शेळीवाला म्हणाला, पण पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "एक माझ्याच दावणीला ठोकलीय, साहेब. मजबूत सळई हाय. दुसरीचं मला माहीत नाय."

अखेर त्यांनी तोडगा काढला. खुंट्या परत देऊ, मोजणी करू देऊ. पण वडिलांनी लिहून द्यायचं. पोरीने नाही, वडिलांनी. एकाने कागद पुढे केला आणि मजकूर तोंडी सांगितला: या गायरानातून रस्ता, कारखाना, विजेची लाइन, काहीही कधीही जाणार नाही, याची मी हमी देतो.

मी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं. "हे मला लिहिता येणार नाही."

"का?"

"मला माहीत नाही म्हणून. उद्या कोण काय ठरवेल हे माझ्या हातात नाही."

मुलगी माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, द्या ना लिहून. त्यांना पण माहितीये तुमच्या हातात काही नाही. नुसता कागद आहे."

"नुसता कागद असेल तर त्यांना कशाला हवाय?"

"माझे बारा दिवस राहिलेत." तिच्या डोळ्यांत आता स्पष्ट दिसत होतं: बघा, पुन्हा. मुद्दाम.

तिला तसं वाटणार हे मला कळत होतं. तरीही खोटी हमी लिहायला हात होईना. मी दुसरा कागद मागून घेतला आणि जेवढं मला माहीत होतं तेवढंच लिहिलं. या खुंट्या जमीन घेण्यासाठी नाहीत. माझी मुलगी त्यांच्या आधाराने गवत मोजते. त्यांना लाल रंग मी दिला, गावाला न विचारता दिला, ती माझी चूक. गायरानाचं पुढे काय होईल हे मला माहीत नाही आणि त्याची हमी मी देऊ शकत नाही. खाली सही केली, सिडकोतल्या घराचा पत्ता लिहिला, फोन लिहिला.

शेळीवाल्याने ते मोठ्याने वाचलं. "पत्ता कशाला?"

"यातलं काही खोटं निघालं तर कुठे यायचं ते कळावं म्हणून."

कागद एकेकाच्या हातून फिरला. मला वाटलं, झालं, आता पोतंही मिळत नाही. मग सरपंच ताई म्हणाल्या, "हमी देणारे लय भेटले आपल्याला. हा बाबा नाय म्हणतोय." आणि शेळीवाल्याला, "द्या त्यांच्या सळया."

त्यांनी एक अट घातली. मोजून काय निघतं ते मुलाखतीहून परतल्यावर आधी गावाला सांगायचं. चराईबंदीवरून गावात दरवर्षी भांडण होतं. निम्मे म्हणतात बंद भागात चांगलं गवत वाढतं, निम्मे म्हणतात नुसती कुसळी माजते आणि शेळ्यांच्या तोंडात रुतते. "तुमच्या वहीत तरी कळंल कोण खरं ते," ताई म्हणाल्या. मुलीने लगेच होकार दिला. तिने तो दिला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं, हे ती पाळेल का या नजरेने. जुनी खोड.

आता प्रश्न होता जागांचा. खुंट्या हातात होत्या, पण त्या कुठे ठोकलेल्या होत्या? मुरमाड जमिनीत खुंटी उपटल्यावर भोक राहतं. शेळीवाला बरोबर आला. त्याने सगळ्या स्वतः उपटल्या होत्या, त्याला बऱ्याच जागा आठवत होत्या. तो भोक दाखवायचा, म्हणायचा, "ही एक." मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, आणि ठेवायची गरजही नव्हती. एक मीटरच्या चौकटीचे समोरासमोरचे कोपरे एकमेकांपासून एकशे एक्केचाळीस सेंटिमीटरवर असतात. ते अंतर जमिनीला किंवा माणसाला खोटं करता येत नाही. दोन भोकांमध्ये टेप धरायचा. एकशे एक्केचाळीस आलं, एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे, तर जागा खरी. नाहीतर पुढे.

"ही बघा, ही पक्की," तो एका ठिकाणी म्हणाला.

मी टेप लावला. "एकशे अठरा."

तो वाकून बघायला लागला. "मग उंदराचं बीळ असंल एक." पाचव्या-सहाव्या वेळेपासून तो स्वतःच टेपचं दुसरं टोक धरायला लागला, आणि आकडा माझ्या आधी ओरडायचा.

दोन दिवस लागले. सत्तावीस जागा एकशे एक्केचाळीसला उतरल्या. तेरा ठिकाणी भोकं गुरांच्या खुरांनी बुजली होती किंवा एकच सापडत होतं.

"बाकीच्या अंदाजाने ठोका की," शेळीवाला म्हणाला. "फूटभर इकडंतिकडं. बेंगळुरूहून कोण बघाय येतंय?"

मी काही बोललो नाही. मुद्दामच बोललो नाही. मुलगी काय म्हणते ते मला ऐकायचं होतं. दहा दिवस उरले होते, तेरा चौकटी म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा, आणि चूक तिची नव्हती. ती टेप गुंडाळत होती. एक क्षण ती थांबली, आणि त्या क्षणात मी तिच्यावर पुरता संशय घेतला.

"नाही काका," ती म्हणाली. "सत्तावीस म्हणजे सत्तावीस."

मोजणीला मी तीन दिवस रजा घेतली. ती चौकटीजवळ गुडघ्यांवर बसून सांगायची, मी लिहायचो. पवन्या, बारा. मारवेल, चार. कुसळी, एकवीस. प्रत्येक पानाच्या शेवटी मी बेरीज करायचो आणि ती माझी बेरीज पुन्हा करायची. त्या तीन दिवसांत आम्ही गवताशिवाय फारसं काही बोललो नाही.

बेंगळुरूला मी तिच्याबरोबर गेलो. ती आत गेल्यावर संस्थेचं आवार फिरून पाहिलं. वसतिगृहाच्या रखवालदाराशी बोललो, नोटीस बोर्डावरचे सगळे कागद वाचले, दोन मुलींना थांबवून पाणी चोवीस तास येतं का ते विचारलं. संस्था खरी होती. तिथल्या कँटीनमधली मुलं मळके बूट घालून बसलेली होती आणि मोठमोठ्याने वाद घालत होती. मला खोट सापडली नाही, आणि खोट न सापडल्याने जी हुरहुर वाटली तिला काय म्हणावं ते मला ठरवता आलं नाही.

ती पाऊण तासाने बाहेर आली.

"तेरा कमी का, असं विचारलं?"

"पहिलाच प्रश्न तोच होता."

"मग?"

"सांगितलं, मी गावाला विचारलंच नव्हतं. पहिल्या वर्षीच विचारायला हवं होतं. खुंट्या गंजून दिसेनाशा झाल्या म्हणून वर्षभर निभावलं."

"आणि रंगाचं?"

"ते नाही सांगितलं. मूळ चूक ती नव्हतीच."

हे तिने मला सांभाळून घेण्यासाठी म्हटलं की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला कळलं नाही. आतलं बोलणं मी ऐकलेलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर रिक्षा मिळत नव्हती. आम्ही फुटपाथवर उभे होतो. मी विचारून टाकलं, "अजून वाटतं का तुला, मी मुद्दाम केलं म्हणून?"

तिने थोडा विचार केला. "कधी कधी."

"मलाही," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळून बघायला लागली. मग रिक्षा आली आणि भाड्यावरून घासाघीस करण्यात ते राहून गेलं.

परत आल्यावर तिने आधी गावाला जाऊन बैठक घेतली. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं निघालं: बंद भागात पवन्यासारखं चांगलं गवत जास्त होतं, पण कुसळीही जास्त होती. भांडण मिटलं नाही; ते आता जास्त माहितीनिशी चालतं, असं शेळीवाल्याने फोनवर सांगितलं.

तीन आठवड्यांनी निवडीचा ईमेल आला. सोबत अटींचं पत्रक होतं, अकरा पानांचं. रजा, वसतिगृह, मध्येच सोडल्यास काय, मार्गदर्शक बदलायचा असल्यास काय. होकार आठ दिवसांत कळवायचा होता. मी ते छापून आणलं, पेन्सिल घेतली आणि गॅलरीत वाचायला बसलो. आतून बायकोचा आवाज आला, "अहो, पेढे आणायचेत की आधी तेही तपासायचेत?"

मी चौथ्या पानावर होतो. 'संस्थेच्या विवेकानुसार' या शब्दांखाली रेघ मारली आणि मुलीला हाक मारून विचारलं, याचा नेमका अर्थ काय, हे त्यांना लिहून विचारायला नको का?

ती दारात येऊन उभी राहिली. फोन तिच्या हातातच होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी होकार पाठवला. सकाळीच."

मी पाचवं पान उलटलं. ती आत गेली नाही. शेजारची खुर्ची ओढून बसली आणि माझ्याबरोबर खालपर्यंत वाचू लागली.